चौरस मीटरच्या दराने

मुंबईकडे सार्वजनिक कलेसाठी पैसा नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालावासा वाटतो. पैसा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या सुशोभीकरणाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचा आकडा सुमारे १,७०० कोटी रुपये सांगितला गेला होता. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. खांबांना गुंडाळलेल्या रंगीत एलईडी पट्ट्या, झाडांच्या बुंध्यांवरच्या दिव्यांच्या माळा, उड्डाणपुलाखाली रंगवलेले फ्लेमिंगो, चौकातली शहराच्या किंवा उपनगराच्या नावाची चमकती अक्षरं आणि मध्ये लाल बदाम. हे सगळं तुम्ही पाहिलंय. त्यातल्या एखाद्या गोष्टीसमोर उभं राहून फोटोही काढला असेल.

प्रश्न पैशाचा नाही. तो कोणत्या नावाखाली खर्च होतो, याचा आहे. आपल्याकडे ते नाव आहे ‘सुशोभीकरण’. या एका शब्दाने काय काढायचं, कोण काढणार, ते किती दिवस टिकणार आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारायचा, हे सगळं आधीच ठरून जातं, असं माझं म्हणणं आहे.

सुशोभीकरण म्हणजे काय

शब्दातच बघा. शोभा आणायची, म्हणजे मूळ जागा शोभेची नाही हे गृहीत. भिंत घाण आहे, खांब ओका-बोका आहे, त्यावर काहीतरी चढवा. ‘चढवणं’ हे या कामाचं क्रियापद आहे. कलेचं काम नेहमी शोभेचं असतंच असं नाही. गिरणगावात एखादी कलाकृती उभी करायची म्हटली तर ती संपाबद्दल, गेलेल्या नोकऱ्यांबद्दल, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरबद्दल बोलेल. ती सुंदर असेल, पण प्रसन्न असेलच असं नाही. ‘सुशोभीकरणा’त असल्या कामाला जागा नाही. तिथे दुःख बसत नाही, राग बसत नाही, शंका तर मुळीच बसत नाही.

आता हे काम कसं होतं ते पाहू. भिंत रंगवणं हे पालिकेच्या दृष्टीने रस्ता किंवा गटार दुरुस्त करण्यासारखंच एक बांधकामाचं काम. अंदाजपत्रक तयार होतं, निविदा निघते, कंत्राटदार ठरतो. काम चौरस मीटरमध्ये मोजलं जातं, मोजमाप झालं की बिल निघतं. कंत्राटदार पुढे रंगारी किंवा चित्रकार शोधतो. त्यात अनेकदा कला महाविद्यालयातली मुलं असतात, कधी साइनबोर्ड रंगवणारे जुने पेंटर असतात. ज्याच्या हातातून चित्र उतरतं, तो या साखळीत सगळ्यात शेवटी येतो आणि त्याच्याशी पालिकेचा थेट संबंध नसतो. भिंतीवर त्याचं नाव नसतं.

या सगळ्या प्रक्रियेत कुठल्याच टप्प्यावर एक साधा प्रश्न विचारला जात नाही: याच भिंतीवर हेच चित्र का? आणि प्रश्नच नसला की उत्तर आपोआप ठरतं. फ्लेमिंगो, गेटवे, डबेवाला, लोकल, फुलपाखराचे पंख. कुणाला खटकणार नाही आणि कुणाला आठवणारही नाही, अशा चित्रांची एक यादी शहरात फिरत राहते. कुर्ल्याची भिंत आणि बोरिवलीची भिंत यांची अदलाबदल केली तर फरक कळणार नाही.

या यादीत सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट म्हणजे वारली चित्रं. सार्वजनिक शौचालयं, शाळांच्या कुंपणभिंती, पोलिस चौक्या, उद्यानांची फाटकं, कुठेही जा. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं फेर धरून नाचतायत. मुळात ही कला पालघर-डहाणूकडच्या घरांच्या भिंतींवर, तांदळाच्या पिठाने, लग्नासारख्या प्रसंगी काढली जायची. लग्नाचा चौक काढण्याचा मान बायकांचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. शौचालयाच्या भिंतीवर यातलं काही येत नाही. तिथे वारली म्हणजे दोन त्रिकोण आणि एक गोळा. कुणालाही जमतो, लवकर होतो, चौरस मीटर पटापट भरतात.

यातला खरा विरोधाभास मुंबईतच आहे. आरेच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं पडली, तेव्हा त्या पाड्यांवरची माणसं आपलं जंगल वाचवायला भांडत होती. त्यांचं चित्र शहराला भिंतीवर हवं असतं. त्यांचं म्हणणं मात्र शहराला ऐकायचं नसतं. सुशोभीकरणाची ही सोय लक्षात घ्या: चित्र घेता येतं, चित्र काढणारा बाहेर ठेवता येतो.

दान कुणाचं, नाव कुणाचं

मुंबईत सार्वजनिक कलेचा जुना प्रवाह दानाचा होता. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं, तो १८७९ मधला, प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला होता. १९६५ मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याला नेला. घोडा गेला, नाव राहिलं. २०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने त्या परिसरात पुन्हा एक घोडा उभा केला. श्रीहरी भोसले यांनी केलेला, आणि या वेळी पाठीवर राजा नसलेला. मला हा घोडा आवडतो. राजाला उतरवून शहराने आपलं टोपणनाव तेवढं ठेवून घेतलं, असं त्याच्याकडे पाहताना वाटतं. पण लक्षात घ्या, १८७९ मध्येही पैसा खासगी होता आणि २०१७ मध्येही पुढाकार नागरिकांच्या संस्थेचाच होता.

दुसरा जुना नमुना म्हणजे मुंबईतल्या दगडी प्याऊ, म्हणजे पाणपोया. मशीद बंदरच्या भात बाजारातलं केशवजी नाईक यांचं कारंजं १८७६ चं. कुणाच्या तरी आठवणीसाठी कुणीतरी पैसे दिले, नाव कोरलं, वर नक्षी केली आणि खाली तहानलेल्या हमालाला पाणी मिळालं. नाव लावलं, पण पैसाही स्वतःचाच लावला होता.

आता आपल्या गल्लीतलं बाकडं पाहा. फुटपाथवरचं, स्टीलचं किंवा सिमेंटचं. पाठीवर मोठ्या अक्षरात लोकप्रतिनिधीचं नाव, पक्षाचं चिन्ह, कधी फोटो, आणि ‘यांच्या निधीतून’ किंवा ‘यांच्या सौजन्याने’. निधी नगरसेवकाचा, आमदाराचा किंवा खासदाराचा म्हणतात, पण तो असतो कर भरणाऱ्यांचा. प्याऊवर दान देणाऱ्याचं नाव होतं. बाकड्यावर खर्च मंजूर करणाऱ्याचं नाव असतं. दीडशे वर्षांत आपण इथपर्यंत आलो. चौकातलं कारंजं, सेल्फी पॉइंट, कमान, रंगवलेला जिना, सगळ्यांची हीच कथा. कलावंताच्या नावाला जागा नसते, कारण ती जागा आधीच भरलेली असते.

सेल्फी पॉइंटबद्दल थोडं. त्याची टिंगल करणं सोपं आहे आणि मला ती करायची नाही. गावाहून आलेलं जोडपं त्या अक्षरांसमोर उभं राहून फोटो काढतं, त्यात एक साधा आनंद आहे. ‘आम्ही इथे होतो’ हे सांगायची इच्छा काही फोनमुळे जन्मली नाही. पण ही अक्षरं सगळीकडे सारखीच आहेत. ॲमस्टरडॅमने आपल्या संग्रहालय चौकातली शहराच्या नावाची प्रसिद्ध मोठी अक्षरं २०१८ मध्ये काढून टाकली. एकेकट्या माणसाची हौस हीच शहराची ओळख होऊन बसलीय, असा तिथल्या टीकेचा रोख होता. बरोबर-चूक सोडा, त्यावर तिथल्या नगरसभेत चर्चा झाली. आपल्याकडे असा फलक लागतो तेव्हा चर्चा नसते आणि गंजून पडतो तेव्हाही नसते.

मंडईला कला चालत होती

महापालिकेच्या कामात कला नीट बसूच शकत नाही, असं वाटत असेल तर क्रॉफर्ड मार्केटला जा. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातली. दारावरची दगडी उठावचित्रं पाहा: शेतात राबणारी माणसं, बाजाराला निघालेली माणसं. ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची, आणि आतल्या कारंज्यावरही त्यांचंच काम आहे. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीवकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी हात लावला. आंबे, कोंबड्या आणि पिंजऱ्यातले पोपट विकायच्या जागी कला असावी, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. इमारत झाल्यावर वरून चढवलेली ती सजावट नव्हती. ती इमारतीचाच भाग होती.

वसाहतीच्या काळाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. त्या सत्तेला शहर आपलं आहे हे दाखवायचं होतं, आणि त्या उठावचित्रांतला भारतीय शेतकरी हा साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. पण पद्धत म्हणून त्यात एक शहाणपण होतं, आणि ते स्वतंत्र भारतातही एका मुंबईकराला कळलं होतं.

होमी भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभारत होते, तेव्हा बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी वापरायची परवानगी त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडून मिळवली. हुसेन, गायतोंडे, आरा यांची चित्रं ते तरुण होते तेव्हा संस्थेने घेतली. प्रवेशदालनात हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. अमेरिकेत शहराच्या पातळीवर ‘बांधकामातला एक टक्का कलेला’ असा नियम पहिल्यांदा केला फिलाडेल्फियाने, १९५९ मध्ये. न्यूयॉर्कचा कायदा आला १९८२ मध्ये. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. कुलाब्याच्या टोकाला ती आधीच वापरली गेली होती.

फक्त तिचं पुढे काय झालं ते बघा. संस्था नेव्हीनगरला, सुरक्षेच्या फाटकाआड. शहरातला आधुनिक चित्रांचा एक उत्तम संग्रह शहराला सहज दिसत नाही. तसंच विमानतळाच्या टर्मिनल दोनचं. २०१४ मध्ये तिथे राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली ‘जय हे’ हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कलासंग्रह उभा राहिला. देशभरातल्या कारागिरांची कामं त्यात आहेत आणि काही खरोखर थक्क करणारी आहेत. ती पाहायला विमानाचं तिकीट लागतं. त्या टर्मिनलच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलाला ती कला विमानापेक्षाही लांब आहे.

रंगाच्या कंपनीचं शहर

या पोकळीत गेल्या दशकात एक नवा आश्रयदाता आला. ‘स्टार्ट इंडिया’ ही संस्था आणि तिच्या पाठीशी एशियन पेंट्स. २०१४ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया आणि सहकाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांचं अवाढव्य चित्र रंगवलं. मुंबईत भारतीय सिनेमाच्या जनकाची आठवण सरकारी टेलिफोनच्या कळकट भिंतीवर, उड्डाणपुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, यात खरी सूज्ञता होती. सिनेमाचे हाताने रंगवलेले बॅनर ही मुंबईची स्वतःची कला. दहियांनी तिची भाषा घेतली आणि आकार वाढवला.

२०१७ चा ससून डॉकचा प्रकल्प त्याहून धाडसी होता. पुन्हा त्याच ससून घराण्याच्या नावाची गोदी. मासळीच्या वासात, चालू बंदरात कलाकृती मांडल्या. बाहेरच्या भिंतींवर कोळी बायका-पुरुषांचे प्रचंड कृष्णधवल चेहरे लावले. कलादालनात कधी न गेलेली माणसं गोदीत आली आणि गोदीत कधी न गेलेली माणसं कोळंबी सोलणाऱ्या बायकांसमोर उभी राहिली. यातल्या बऱ्याच जणांनी फक्त इन्स्टाग्रामसाठी फोटो काढले, ही टीका मला फार गंभीर वाटत नाही. गंभीर गोष्ट वेगळी आहे. प्रदर्शन संपल्यावर कोळ्यांच्या गोदीचे प्रश्न जिथे होते तिथेच राहिले, आणि पुढचं प्रदर्शन कुठे, केव्हा, कुणाचं, हे ठरवायचा अधिकार रंग विकणाऱ्या कंपनीच्या अंदाजपत्रकाकडे राहिला. कंपनीने वाईट काही केलं नाही. पण शहराने आपली जबाबदारी तिच्यावर टाकली. खासगी पैशावर चालणारी सार्वजनिक कला फोटोत छान दिसणाऱ्या भागांकडे ओढली जाते. काळा घोडा, वांद्रे, माहीम. मानखुर्द-गोवंडी त्या नकाशावर येत नाही.

गोवंडीत स्वतःची कला नाही असं मुळीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ झाला. तिथल्याच मुलामुलींनी सिनेमे केले, नाटक केलं, फोटो मांडले, भिंती रंगवल्या. शहराच्या मोठ्या प्रकल्पांसाठी घरं सोडावी लागलेली माणसं या वसाहतीत राहतात. त्यांनी आपली गोष्ट आपल्या जिन्यावर आणि आपल्या अंगणात सांगितली. माझ्या मते अलीकडच्या मुंबईतलं हे सार्वजनिक कलेचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आहे. त्याला आधार होता ब्रिटिश कौन्सिलचा. लंडनला जे दिसलं, ते महापालिकेच्या मुख्यालयाला दिसायला हवं होतं.

आणि जिथे कंपनीही नसते, तिथे फुकट काम असतं. २००९ मध्ये सेनापती बापट मार्गावरची रेल्वेलगतची लांबलचक भिंत रंगवायला नागरिकांना बोलावलं गेलं. शेकडो लोक आले, धमाल झाली. चांगल्या-वाईट चित्रांची ती सरमिसळ मला आजच्या एकसुरी फ्लेमिंगोंपेक्षा कितीतरी जिवंत वाटायची. पण एकदा फुकट मिळालं की ते फुकटच हवं असतं. त्यानंतर स्थानकं, शाळा, पूल रंगवायला स्वयंसेवक बोलवायची रीत पडली. चहा, बिस्किट, टी-शर्ट, प्रमाणपत्र. त्याच भिंतीच्या प्लास्टरसाठी गवंड्याला फुकट ये म्हणून कुणी सांगत नाही.

पुतळ्याला मात्र कधी कमी पडत नाही

एका प्रकाराला आपल्याकडे निधी कधीच कमी पडत नाही, तो म्हणजे पुतळा. मुंबईच्या समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज ३,६०० कोटींच्या घरात सांगितला जात होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली.

मुंबईबाहेरचं मालवणचं उदाहरण इथे आणावंच लागतं, कारण घाईत केलेल्या सार्वजनिक कलेची किंमत महाराष्ट्राने तिथे उघड्या डोळ्यांनी पाहिली. राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या मुहूर्तावर. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. आपल्या राज्यात पुतळ्याच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते. कोसळल्यानंतर बाहेर आलं की संचालनालयासमोर होता तो सहा फुटांचा मातीचा नमुना; प्रत्यक्षात उभा राहिला तो सुमारे पस्तीस फुटांचा पुतळा. वारा, मिठाची हवा, आतलं पोलाद, वेल्डिंग यांचा विचार कुणी, केव्हा केला, हे लोकांना पुतळा पडल्यावर विचारावं लागलं. मे २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला.

त्या वेळी चर्चा झाली ती भ्रष्टाचाराची, राजकारणाची आणि भावना दुखावल्याची. ती व्हायलाच हवी होती. पण शिल्पकाराला किती वेळ दिला, त्याची निवड कुणी केली, त्याच्या पूर्वीच्या कामाची पारख कुणी केली, हे प्रश्न दोन दिवसांत मागे पडले. अनावरणाची तारीख आधी ठरते आणि शिल्प त्या तारखेत बसवलं जातं, ही खरी गोष्ट आहे. भिंत चौरस मीटरमध्ये मोजतात, पुतळा फुटांमध्ये मोजतात. दोन्हीकडे मोजपट्टी आहे, डोळा नाही.

काढून टाकताना

शहराला कलेची किती कदर आहे, हे मी एखादं काम उभं राहताना पाहत नाही, ते काढताना पाहतो. पिलू पोचखानवाला यांचं ‘स्पार्क’ हे धातूचं शिल्प एके काळी हाजी अलीच्या चौकात होतं. पुतळे सोडून मुंबईच्या रस्त्यावर अमूर्त शिल्प उभं असणं ही केवढी मोठी गोष्ट, तीही एका स्त्री शिल्पकाराचं. आज ते तिथे नाही. मुंबईतल्या किती तरुणांना ते होतं हे तरी ठाऊक आहे?

दिल्लीत विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून गोदामात टाकलं. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई दिली आणि उरलेलं शिल्प त्यांना परत करायला सांगितलं. कलाकृती विकत घेणाऱ्यालाही ती नष्ट करायचा बिनशर्त अधिकार नसतो, हे त्या निकालाने आपल्या कायद्यात पक्कं केलं. पण भिंतीवर नावच नसलेला चित्रकार कोणत्या न्यायालयात जाणार? त्याच्या चित्रावर पुढच्या वर्षी पांढरा चुना मारला जातो आणि नवीन निविदा निघते.

लोकांना कलाकृती आवडली नाही तर काय, हाही रास्त प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही पोलादी भिंत १९८१ मध्ये एका सरकारी चौकात उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांना ती वाटेत येणारी अडचण वाटली. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्यांपैकी १२२ जण शिल्प ठेवा म्हणाले, ५८ जण काढा म्हणाले. तरीही १९८९ मध्ये ते काढलं गेलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. पण चुकीच्या निर्णयाचीही नोंद तिथे आहे: कोण काय म्हणालं, कुणी ठरवलं. आपल्याकडे बरोबर निर्णयाचीही नोंद सापडत नाही.

मग काय मागायचं

‘शहरात धड शौचालयं नाहीत, खड्डे आहेत, आणि तुम्हाला कला हवी?’ हा आक्षेप मला मान्य झाला असता, कला मागण्यासाठी जास्तीचा पैसा मागावा लागला असता तर. तसं नाहीच. पैसा आत्ताच खर्च होतोय, दिव्यांच्या माळांवर आणि एलईडी पट्ट्यांवर. आणि हे सगळं सुरू झालं तेव्हा पालिकेत निवडून आलेलं सभागृहही नव्हतं; मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. चार वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, निवडणूक झाली. २२७ नगरसेवक आले. आता निदान विचारायला दार आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पालिकेच्या मोठ्या बांधकामांत अर्धा टक्का तरी कलेसाठी धरा. किनारी रस्त्याचा खर्च सुमारे १४ हजार कोटींचा. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ७० कोटी, तेही एकदाच. हा पैसा ‘सुशोभीकरण’ या नावाखाली न ठेवता वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा, म्हणजे रस्ते विभागाच्या निविदेत तो विरघळणार नाही. निवड कलावंत, वास्तुरचनाकार आणि त्या वॉर्डातली माणसं मिळून करू देत, आणि त्यांच्या बैठकीत काय झालं ते लोकांसमोर ठेवा. नुसत्या तज्ज्ञांची समिती मला नको आहे. तशी समिती म्हणजे काळा घोड्याच्या चार ओळखीच्या माणसांनी गोवंडीचं ठरवायचं. प्रत्येक कामाशेजारी एक छोटी पाटी हवी: कलावंताचं नाव, वर्ष, खर्च. काढायचं असेल तर आधी नोटीस. आणि देखभालीचा पैसा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा, कारण पावसाळा मुंबईत दरवर्षी येतो हे काही गुपित नाही.

एवढं करून सगळी कामं उत्तम होतील का? नाही. काही कंटाळवाणी होतील, काहींवर भांडणं होतील, एखादं लोकांना अजिबात आवडणार नाही. मला ते चालेल. ज्या कामावर भांडता येतं, त्याच्यामागे निदान कुणाचा तरी निर्णय असतो आणि त्या निर्णयाखाली कुणाची तरी सही असते. फ्लेमिंगोशी भांडता येत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या भिंतीसमोर रील करताना कॅमेरा जरा खाली, उजव्या कोपऱ्याकडे न्या. तिथे चित्रकाराचं नाव आहे का बघा. नसेल तर खर्च मंजूर करणाऱ्याचं नाव कुठे आहे तेही बघा, ते बहुतेक मोठ्या अक्षरात असेल. दोन्हींचा एकत्र फोटो काढा आणि त्याच माणसाला टॅग करून विचारा: हे कुणी काढलं?